टायर आणि मडगार्डमधली चार बोटं

परवा शाळेतून परत येताना तळोद्याच्या अलीकडे उसाच्या ट्रॅक्टरमागे अडकले आणि कळलं, हंगाम सुरू झाला. एकामागे एक दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही अंगांनी रस्त्यावर आलेला, पुढे ट्रॅक्टरवर कान फाटतील अशी गाणी. त्या गाण्यांपुढे माझा हॉर्न कोण ऐकतो! दरवर्षी मी या ट्रॉल्यांवर चिडते, यंदाही चिडले. पण चिडता चिडता काच खाली केली, तर धूळ आणि डिझेलच्या मधूनच कापलेल्या उसाचा तो ओला, कच्चा वास आत आला. मागचा अख्खा हंगाम त्या वासाबरोबर गाडीत येऊन बसला.

कुणाला एखादा हंगाम घरातल्या लग्नामुळे लक्षात राहतो, कुणाला पिकामुळे. मला गेला गळीत हंगाम स्प्रिंगांमुळे आठवतो. हसा खुशाल, तेव्हाही सगळे हसलेच होते. गाडी खाली बसवायच्या, म्हणजे तिची उंची दोन-तीन बोटं कमी करणाऱ्या स्प्रिंगा मिळतात. साखर कारखान्याची चिमणी पेटली तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच विषय होता. असा कुठला सेट आहे, की ज्याने माझी गाडी रस्त्याला धरून पळेल आणि शेजारच्या सीटवर आप्पांना नीट बसता-उतरताही येईल? मला दोन्ही हवं होतं. दोन्ही एकदम मागणारी मी काही जगातली पहिली बाई नसेन, पण गोंधळात मात्र माझा नंबर पहिला लागावा.

आप्पा म्हणजे माझे वडील. आयुष्यभर एस.टी. चालवली. शहादा, अक्कलकुवा, नवापूर, कधी सुरत. आता निवृत्त आहेत आणि दोन्ही गुडघे गेलेत. आई नाही. भाऊ पुण्याला. सहा वर्षांपूर्वी मी सासर सोडून घरी परत आले, त्याचं कारण सांगत बसत नाही, आले ती आले. शहाद्याजवळ गावात आम्ही दोघं राहतो आणि मी तिथून रोज खापरला शाळेत गणित शिकवायला जाते. जाऊन-येऊन शंभराच्या वर किलोमीटर होतात. मंगळवारी आणि शुक्रवारी आप्पा माझ्याबरोबर शहाद्यापर्यंत यायचे. तिथे गुडघ्यांचे व्यायाम करून घेणारे डॉक्टर आहेत. ते उतरले की मी पुढे तळोद्याच्या रस्त्याला लागायचे.

गाडी म्हणजे सुरतहून घेतलेली जुनी सेडान. पळायला तयार, इंजिन झकास. घरी परतल्यावर स्वतःच्या मनाने, कुणालाही न विचारता घेतलेली पहिली वस्तू. शेजारच्या काकू अहिराणीत म्हणाल्या होत्या, "बाईमानूसले एवढी पळनारी गाडी कसाले वं?" मी म्हटलं, "पळायला." तो विषय तिथेच संपला.

पण त्या गाडीत एक खोट होती, निदान मला ती खोट वाटायची. टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये चार बोटं सहज जायची. आमच्या शाळेच्या शिपायाने एकदा अगदी गंभीरपणे विचारलं, "मॅडम, यात कोंबडी बसवत्या का?" ते मनाला लागलं. दिसण्याचं सोडा, अक्कलकुव्याच्या पुढे रस्ता वळायला लागला की गाडी एका अंगाला कलायची, दप्तर घरंगळायचं, डब्यातलं वरण पिशवीत सांडायचं. वळणावर स्टिअरिंग फिरवल्यावर गाडी जरा विचार करून मग वळायची. असली गाडी मला नको होती. सांगितलं की ऐकणारी हवी होती.

मग मी मोबाइलवर वाचायला बसले आणि तिथून जे डोक्याचं भरीत झालं ते झालंच. मधल्या सुट्टीत शिक्षक-खोलीत बाकीच्या मॅडम साड्या बघायच्या आणि मी स्प्रिंगा. या विषयातले पंडित देशभर पसरलेत. एक म्हणाला, वीस मिलिमीटर म्हणजे काहीच नाही, दिसणारसुद्धा नाही. दुसरा म्हणाला, रोज चालवायच्या गाडीला वीसच्या पुढे जाल तर रडाल. तिसऱ्याचं म्हणणं, चाळीसशिवाय मजाच नाही. चौथा म्हणाला, नुसत्या स्प्रिंगा बदलल्या तर मूळचे शॉकअप वर्षभरात बोंबलतील. त्याच्याखाली पाचव्याने लिहिलं होतं, माझे चार वर्षं चालतायत. एकाने मात्र सरळ विचारलं, तुमचे रस्ते कसे आहेत? मी लिहिलं, रस्ते बरे आहेत पण आमच्याकडे उसाचा हंगाम असतो. त्याने विचारलं, उसाचा आणि स्प्रिंगांचा काय संबंध? आता याला काय सांगू! ट्रॉलीतून पडलेली कांडी रस्त्यावर चेंगरून चेंगरून टणक होतात, एखादं गाडीखाली अडकलं की खर्रर्र करत गावापर्यंत येतं, आणि ट्रॉल्यांचा वेग कमी व्हावा म्हणून प्रत्येक गाव स्वतःच्या हिशेबाने गतिरोधक घालतं. एवढं लिहिलं. त्यावर त्याने फक्त हात जोडलेलं चित्र पाठवलं.

स्प्रिंगांमध्ये दोन जाती असतात हे मला तेव्हा कळलं. एक जात पहिल्यापासून एकसारखी कडक. दुसरी सुरुवातीला मऊ असते, ओझं पडत गेलं की कडक होत जाते. मी सगळी माणसं त्यात बसवून पाहायला लागले. आमच्या मुख्याध्यापिका पहिल्या जातीच्या, काकू दुसऱ्या. आप्पा कुठल्या, ते काही ठरेना. त्यांच्यावर ओझं पडलं तरी चेहऱ्यावर फरक कधी दिसलाच नाही. आई गेली त्या दिवशीसुद्धा त्यांनी आलेल्या प्रत्येकाला पाण्याचं विचारलं होतं. मी स्वतः कुठल्या जातीची हा प्रश्न डोक्यात आला आणि तेवढ्यात घंटा झाली, ते बरंच झालं.

आप्पांना मी दर खेपेला गाडीत छळायचे. "आप्पा, पंचवीस घेऊ की पस्तीस?"

"काय पंचवीस?"

"मिलिमीटर. गाडी खाली बसवायची."

त्यांनी समोरच्या रस्त्यावरची नजर न काढता विचारलं, "कंपनीवाला येडा शेत का? त्यासनी वर ठेयी ती काहीतरी समजीसनच ठेयी व्हयी ना?"

"कंपनीवाले वेडे नसतात, मान्य. पण तुमच्या वेळी असं नव्हतं म्हणून तुम्हाला..."

"मन्हा येळले गाडीमा चढनं पडे," ते म्हणाले. "ड्रायव्हर वर बठे. रस्ता दिसाले पाहिजे ना बाई."

खरंच होतं. आप्पा आयुष्यभर गाडीत चढले. पायरीवर पाय, दांडीला हात, आणि वर. कुठल्याही गाडीत त्यांना खाली वाकून शिरावं लागलं नव्हतं. माझ्या गाडीत पहिल्यांदा बसले तेव्हा डोकं आपटलं होतं. पण डाव्या सीटवर त्यांचा जम बसला होता आणि मला त्यांची सवय झाली होती. समोरून येणारी प्रत्येक एस.टी. ते ओळखायचे. "हाऊ गियर उशिरा टाकस." "हाई गाडीनं बेअरिंग गयं." कुठल्या वळणावर पूर्वी आंब्याचं झाड होतं आणि कुणी ते तोडलं, हे मंगळवारी सांगायचे आणि शुक्रवारी पुन्हा सांगायचे. मी वैतागायचे. सासर सोडून आल्यावर लोक माझ्याशी जपून जपून बोलायला लागले होते. आप्पा एकटे असे होते की ते आंब्याच्या झाडाबद्दलच बोलायचे. त्यांच्यासाठी ती सीट राहायला हवी होती आणि गाडी खालीही हवी होती. मी मनाशी गणित मांडलं, पंचवीस-तीस मिलिमीटरने म्हाताऱ्या गुडघ्यांना काय फरक पडणार? दोन बोटंसुद्धा नाहीत.

आता माझी चूक सांगते. ही चूक आमच्याकडच्याच माणसाकडून होऊ शकते.

हंगामात आमच्याकडे गाडीची डिकी रिकामी नसते. नंदुरबारची मिरची वाळत असते, हरभरा येऊ घातलेला असतो, गूळ निघतो. तुम्ही रोज खापरला जाता हे एकदा गावाला कळलं की संपलं. काकूंची मुलगी खापरला दिलेली, तिच्यासाठी मिरचीचं पोतं. कुणाचं गव्हाचं. परत येताना तिकडून कुणाचं तांदळाचं. शंभर किलोमीटर गाडी रिकामी नेणारा माणूस गावात माणुसकी नसलेला ठरतो. रविवारी सकाळी मी आईच्या शिलाई मशीनची टेप घेऊन अंगणात बसले आणि चारही चाकांची मापं घेतली. पुढे चार बोटं जागा, मागे जेमतेम दोन. वहीत लिहून ठेवलं. मला वाटलं, कंपनीने गाडी अशीच बनवली असेल. डिकीत गव्हाची दोन पोती आणि मिरचीचं एक आहे, हे माझ्या लक्षातही आलं नाही. ती तिथे कायमच असत, गाडीचाच भाग असल्यासारखी.

त्या मापांवरून मी सेट निवडला. पुढे चाळीस मिलिमीटर खाली, मागे वीस. म्हणजे गाडी कशी चारही बाजूंनी सारखी होईल! महिनाभराचा गोंधळ संपला म्हणून इतकं हलकं वाटलं, की त्या दिवशी वर्गाला गृहपाठ दिला नाही.

बसवायला आप्पांना घेऊन विसरवाडीला गेले, रफिकचाचांकडे. हायवेच्या फाट्यावर त्यांचं कमानीचं, म्हणजे ट्रकच्या पाट्यांच्या स्प्रिंगांचं, गॅरेज आहे. ट्रकचे खचलेले पाटे बदलणं, नवे पाटे चढवणं हे त्यांचं मूळ काम, पण लहान गाड्याही करतात. आप्पांची त्यांच्याशी जुनी ओळख. खोकं उघडून चारही स्प्रिंगा त्यांनी हातात घेऊन पाहिल्या, आप्पांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बेटी, पस्तीस साल झाले, लोक माझ्याकडे गाडी उचलून घ्यायला येतात. खाली करायला तूच पहिली."

गाडी जॅकवर घेण्याआधी त्यांनी डिकी रिकामी करायला सांगितली. पोती बाहेर काढली. तीन तासांनी गाडी खाली उतरवली आणि चाचा, आप्पा, मी, आणि पाटे बदलायला आलेल्या ट्रकचा ड्रायव्हर, सगळे मागे सरून पाहू लागलो. नाक जमिनीला, शेपूट वर.

"हाई ते पानी पी ऱ्हायनी," आप्पा म्हणाले.

मी खोटं बोलले. म्हटलं, "असंच असतं हे. स्पोर्टी लूक आहे." ट्रकवाल्याने अगदी समजल्यासारखी मान हलवली. बसवलेला सेट कुणी परत घेत नाही, पुढची स्प्रिंग मागे लागत नाही. म्हणजे झालं ते झालं. त्यानंतर आमच्या डिकीत एक गव्हाचं पोतं कायमचं राहिलं, कुणाचं नव्हे, माझंच, गाडी सरळ दिसावी म्हणून.

आणि तरीही, काय सांगू तुम्हाला! दुसऱ्या दिवशी अक्कलकुव्याच्या पुढच्या वळणांवर ती गाडी अशी गेली, अशी गेली, की मी एकटीच मोठ्याने हसले. स्टिअरिंग वळवलं की गाडी वळलेली. पिशवीत वरण सांडलं नाही. मागच्या सहा वर्षांत मी कुठली गोष्ट ठरवली आणि ती मनासारखी झाली असं फारसं घडलं नव्हतं. ही झाली, वाकडी का होईना. गतिरोधकावर मी तिरकी चढवायचे, कांडी दिसली की चुकवायचे, खाली काही घासलं की दातावर दात. पण मला ती गाडी मनापासून आवडायला लागली. हे लपवून काही उपयोग नाही.

मंगळवारी आप्पा बसले. दार उघडलं, पाठमोरे झाले, आणि सीटवर जवळजवळ पडलेच. "बेस शे," म्हणाले, म्हणजे छान आहे. शहाद्याला मी पर्स, वह्या सावरत होते. वळून पाहते तर ते बाहेर उभे, एक हात छतावर, श्वास जरा मोठा. मी विचारलं, "दुखतंय का?" ते म्हणाले, "नही. रस्ता देख तू." तिसऱ्या आठवड्यात सकाळी चहा पिताना सहज बोलल्यासारखं म्हणाले, "मी आते बसनंच जासु. म्हातारासले सवलत शे. जुना कंडक्टर भेटतस, गप्पा व्हतस." मला खरंच आनंद झाला हो. वाटलं, घरात बसून कंटाळतात, बरं झालं. मी एकदाही विचार केला नाही, की एवढी वर्षं बस चालवून कंटाळलेल्या माणसाला अचानक बसचं प्रेम कुठून आलं.

डावी सीट रिकामी झाली, तिच्यावर मी वह्यांचा गठ्ठा ठेवायला लागले. त्याच सुमाराला डावीकडून आवाज यायला लागला. कट्, कट्, कट्. खराब रस्त्यावर जास्त. माझ्या जिवाला घोर लागला. पुन्हा मोबाइल, पुन्हा पंडित. एक म्हणाला स्प्रिंग बसली नाही नीट, एक म्हणाला शॉकअप गेला, मी म्हटलंच होतं. शेवटी रविवारी विसरवाडी. चाचांनी चाक काढलं, स्प्रिंग ठोकून पाहिली, शॉकअप पाहिला. सगळं घट्ट. मग ते स्वतः डाव्या सीटवर बसले आणि मला म्हणाले, चालव. गॅरेजच्या मागच्या खड्ड्यांतून एक फेरी मारली. कट्, कट्. थांबल्यावर ते उतरायला निघाले. तेही आता साठीचे, त्यांनी दारावरचं धरायचं हँडल ओढलं आणि ते एका बाजूने सुटून त्यांच्या हातात लोंबकळलं.

चाचा हसले, आणि मग थांबले. "इधर कोण बैठता है?"

"आप्पा. बसायचे."

त्यांनी हँडल उलटसुलट करून पाहिलं. स्क्रू मुळातून ओढला गेला होता. किती ताकद लावली तर असा स्क्रू निघतो, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. जाडसर स्क्रू शोधून त्यांनी तो घट्ट पिळला. "ड्रायव्हरसाहेबांना विचारू नको," म्हणाले. "ते सांगणार नाहीत."

घरी येताना प्रकाशा गावाजवळच्या तापीच्या पुलावर मी दोनदा गिअर चुकवला. आवाज पूर्ण बंद झाला होता. आता आवाज असता तर बरं झालं असतं असं वाटायला लागलं.

तरी मी माझं समाधान करत राहिले. बसमध्ये ते मजेत असतील. मग एका शुक्रवारी उशिरा निघाले. घाईत वह्या घरीच राहिल्या म्हणून अर्ध्या रस्त्यातून परत येत होते. फाट्यावर आप्पा उभे. मी गाडी लांबच थांबवली. एस.टी. आली. त्यांनी दोन्ही हातांनी दांड्या धरल्या, पायरीवर एक पाय, मग दुसरा, आणि सावकाश पण एकट्याने वर गेले. चढताना त्यांचा चेहरा मला दिसला. खूश होता. माझ्या गाडीतून उतरताना तो कसा असतो हे मी कधी पाहिलंच नव्हतं, कारण मी पर्स शोधत असायचे. त्या क्षणी मला स्वतःची इतकी लाज वाटली, की मी वह्या न घेताच शाळेत गेले.

तुम्ही म्हणाल, मग दुसऱ्या दिवशी स्प्रिंगा काढल्या असतील. नाही काढल्या. खरं काय ते सांगते. मी ठरवायचे, या रविवारी. रविवार आला की म्हणायचे, हंगाम संपू दे, रस्ते मोकळे होऊ देत. जुन्या स्प्रिंगा काकूंच्या ट्रॅक्टरच्या शेडमध्ये पोत्यात बांधलेल्या होत्याच. सोमवारी अक्कलकुव्याच्या पुढे गाडी वळणांवर लागली, की वाटायचं, आप्पा तर बसमध्ये खूश आहेत, मी कशाला मन मारू? संध्याकाळी ते ओट्यावर गुडघ्याला तेल चोळत बसलेले दिसले, की वाटायचं, मी किती नीच आहे. सकाळी पुन्हा उलट. एकदा मी सरळ विचारलंसुद्धा, "आप्पा, गाडी वर करू का पुन्हा?" त्यांनी मान हलवली. "कसाले? मस्त चालस ना. तुन्ही गाडी शे." हे ते खरं बोलले, की मला बरं वाटावं म्हणून? अजूनही सांगता येत नाही. माझ्या नवऱ्याला जे आवडतं ते मी त्याला कधी आवडू दिलं नाही, असं सासरी म्हणायचे. आप्पांनी मला आवडू दिलं, आणि मी ते घेतलं. कारखान्याची चिमणी थंड झाली, पाऊस येऊन गेला, कापूस वेचून झाला, आणि गाडी तशीच. आप्पा बसने जात राहिले. हळूहळू मंगळवारचं जाणं सुटलं. शुक्रवारीही कधी जायचे, कधी नाही. मी विचारलं तर म्हणायचे, "कटाळा येस."

परवा त्या ट्रॉलीमागे काच खाली करून बसले असताना मी ठरवलं. वर्ष झालं. बस्स. माझी वळणं गेली उडत. मला आंब्याच्या झाडाची गोष्ट ऐकायची होती.

काल रविवार. आप्पांना काही न सांगता विसरवाडीला गेले. चाचांनी गाडी थेट जॅकवर घेतली. शेडमधून नेलेल्या जुन्या स्प्रिंगांना थोडा गंज चढला होता, त्यांनी तो पुसला, तेल लावलं आणि चढवल्या. गाडी खाली उतरल्यावर मी टायर आणि मडगार्डमध्ये हात घातला. चार बोटं. डिकीतलं पोतं चाचांनाच देऊन टाकलं. येताना गाडी पुन्हा जुन्यासारखी डुलत होती, वळणावर विचार करून वळत होती, आणि मला रडू येत होतं आणि बरंही वाटत होतं. यातलं नेमकं कुठलं जास्त, ते कळेना.

अंगणात गाडी लावून हाक मारली, "आप्पा, चला. पुरुषोत्तमनगरपर्यंत चक्कर मारू. कारखाना चालू झाला बघू."

ते काठी टेकत आले. गाडीकडे पाहिलं, खाली वाकून टायरकडे पाहिलं. ड्रायव्हरच्या नजरेला सांगावं लागत नाही. "उंच कई का वं?" म्हणाले. मी म्हटलं, "हो." ते बसले, आणि नीट बसले. रस्त्याने ट्रॉल्या लागल्या, एकाने ब्रेक कसा उशिरा लावला ते त्यांनी सांगितलं. आंब्याचं झाड सांगितलं. कारखान्याच्या गेटजवळ मळीचा वास आला तेव्हा त्यांनी नाक दाबलं, मीही दाबलं, आणि दोघं हसलो. मला वाटलं, मी जिंकले. वर्षभर मूर्खपणा केला, पण सुधारला.

परत अंगणात आलो. मी इंजिन बंद केलं आणि मुद्दाम जागची हलले नाही. मला पाहायचं होतं. त्यांनी दार उघडलं, दोन्ही पाय बाहेर टाकले, वरचं हँडल धरलं आणि जोर लावला. गाडी त्या मऊ स्प्रिंगांवर हलली. ते हलले नाहीत. थोडं थांबून पुन्हा जोर लावला. मानेच्या शिरा दिसल्या. अर्धे उठले आणि पुन्हा सीटवर बसले. मी मनात मिलिमीटर मोजले. चाळीस. पूर्ण चाळीस मी परत दिले होते. हीच उंची, हीच सीट, इथूनच ते पूर्वी दर मंगळवारी आपले आपले उतरायचे. त्या मधल्या वर्षात काय काय गेलं होतं, ते मी कशाने मोजणार होते?

ते माझ्याकडे पाठ करून बसले होते. तसेच, मागे न वळता म्हणाले, "बाई, जरासा हात दे."

आप्पांनी माझ्याकडे हात मागितल्याचं मला जन्मात आठवत नाही. मी धावत फिरून त्यांच्या दाराशी गेले. त्यांचे दोन्ही हात माझ्या हातात घेतले आणि ओढलं. ते उठले, माझ्यावर थोडे कलले, मग सरळ झाले. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते त्यांना दिसत होतं.

"गाडीनी काय चूक नही व्हती," ते म्हणाले. "उगाच तू ती खोलाई लिधी. आते रोज हात देत जाय, म्हनजे झायं."

मी "हो" म्हटलं. मग गाडीतली त्यांची काठी काढून दिली.